शहाळी, दोन सुया आणि तहान: आमच्या मंडळीतलं एक प्रकरण

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, कुणी आजारी पडलं की भेटायला जाताना शहाळी न्यायची, ही जुनी रीत. दोन शहाळी, अर्धा डझन केळी, जमलं तर मोसंबी. 2022 च्या मार्चमध्ये एका रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही सात जण असेच एका घरी गेलो. घरधन्याच्या किडन्या निकामी झालेल्या. आम्ही गीत म्हटलं, प्रार्थना केली. शहाळं आम्हीच फोडून हातात दिलं. नको कसं म्हणायचं म्हणून त्यांनी ते आमच्यासमोर संपवलं. मंगळवारी डायलिसिसच्या आधी रक्त तपासलं तर पोटॅशियम एवढं वाढलेलं की तिथली सिस्टर बायकोवर ओरडली, "कुणी सांगितलं होतं शहाळं द्यायला?"

शहाळं, केळं, मोसंबी, तिन्हींत पोटॅशियम भरपूर. किडनी चालत नसली की त्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोकेच बिघडतात. हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि विचारून घ्यावं असंही सात जणांपैकी कुणाला सुचलं नव्हतं. पुढच्या वीस महिन्यांत आम्ही त्या घरात बोलून जे दिलं, त्यातलंही बरंच शहाळ्यासारखंच निघालं. ते कसं, हे सांगायला हे टिपण.

मी मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी, पेशानं निवृत्त शिक्षक. नावं, गाव, तालुका दिलेला नाही. त्या दोघांना इथं भाऊ आणि वहिनी म्हणतो, कारण मी तसंच म्हणत आलो. वहिनींनी हे वाचलं आहे. दोन ठिकाणी त्यांनी खोडलं, एका ठिकाणी समासात लिहिलं, "असं मी म्हणाले नव्हते, असं तुम्हाला वाटलं." ते वाक्य काढून टाकलं.

पार्श्वभूमी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं मोठं खेडं. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं उभं केलं, त्यानंतर आसपासच्या खेड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी आमची एक. दगडी चर्च, बाहेर चिंच, आत साठ-सत्तर घरांची मंडळी. कुणी शिक्षक, कुणी नर्स, बरेचसे कारखान्यावर किंवा शेतमजुरीला.

भाऊ साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामगार. गाळप सुरू असलं की पूर्ण पगार, हंगाम संपला की मिळेल ते काम. वय 44. साखर आणि बीपी दहा वर्षांपासून, गोळ्या आठवल्या तर. पाय दुखले की दुकानातून दुखीची गोळी आणून खायची, तीही रोज. वहिनी 38 वर्षांच्या, घरी शिलाई मशीन, ब्लाउज-पिको-फॉल. मोठी मुलगी तेव्हा बारावीला, तिला नर्सिंगला जायचं होतं. धाकटा नववीत, चर्चमध्ये तबला वाजवायचा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं तबल्याशिवाय म्हणायची म्हणजे बिनमिठाची भाकरी, असं आमचे म्हातारे म्हणतात, आणि मुलाचा हात खरंच चांगला होता.

श्रद्धेच्या बाबतीत भाऊ सरळ माणूस. रविवार चुकवायचा नाही, दशमांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा हिस्सा, चुकवायचा नाही, बाकीचं देव बघतो. वहिनींचं मात्र सुरुवातीपासून देवाशी बोलणं असायचं. हिशेबाच्या वहीत उजव्या पानावर खर्च आणि डाव्या पानावर प्रार्थना. ती वही त्यांनी मला दाखवली. फेब्रुवारी 2022 च्या पानावर लिहिलंय, "प्रभू, क्रिएटिनिन 9 आहे. ईस्टरपर्यंत 2 वर आण. मी वर्षभर वेदीवर फुलं देईन." क्रिएटिनिन म्हणजे किडनी चालेनाशी झाली की रक्तात साठणारी घाण. अशा बोलण्याला आमच्याकडं नवस म्हणायची पद्धत नाही, पण दुसरं काय म्हणणार?

अडचण

डॉक्टरांनी आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सांगितलं. जमलं दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचे पैसे पडत नव्हते. पडायचे ते बाकीचे: रक्त वाढवायची इंजेक्शनं, तपासण्या, जाण्यायेण्याचं भाडं, वहिनींची बुडालेली शिलाई. आधी मानेजवळ नळी घातली. मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून दिली. दोन महिन्यांनी तो हात तयार झाला. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं लागायचं. भाऊ येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे.

पैशाची अडचण वहिनींनी कुणाला कळू दिली नाही. मायक्रोफायनान्सचं 60 हजारांचं कर्ज घेतलं, आठवड्याचा हप्ता. महिला मंडळाला येणं बंद केलं, कारण तिथं वर्गणी निघते. पण दशमांशाचं पाकीट दर महिन्याला तीनशे रुपये घालून येतच होतं, आणि आमचे खजिनदार पावती फाडून देतच होते. पुढं कर्जाची गोष्ट उघडी पडली तेव्हा आम्ही पावतीपुस्तक काढलं. सगळ्यांच्या माना खाली.

मुलीच्या प्रवेशाची वेगळीच गाठ. एका नातेवाइकानं सुचवलं, आजोबांचे जुने कागद काढा, महार म्हणून दाखला घ्या, फी माफ होईल. आमच्या लोकांना हा सल्ला नवा नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावानं जात विसरली नाही, कागदानं मात्र विसरली. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात, तेवढंच. वहिनी म्हणाल्या, "शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच राहू द्या." मुलगी रडली. ओबीसीच्या सवलतीनंतर उरलेल्या फीसाठी कानातलं गेलं.

आणि सर्वांत मोठी अडचण आम्ही. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. देव परीक्षा बघतो. देव सोसवेल एवढंच देतो. कुठं काही पाप लपून राहिलंय का ते बघा. मी स्वतः मास्तरकीच्या सवयीनं बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचायला दिलं, पहिले दोन अध्याय आणि शेवटचा, "मधलं जरा अवघड आहे, सोडून दिलं तरी चालेल" असं सांगून. मधल्या पस्तीस-चाळीस अध्यायांत ईयोब देवाशी भांडतो आणि सांत्वन करायला आलेले मित्र त्याचं डोकं खातात. म्हणजे जे वाचायला हवं होतं तेच मी सोडायला सांगितलं.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

2022 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या तालुक्यात तीन दिवसांची उपवास-प्रार्थना आणि आरोग्य सभा होती, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याची. बाहेरून आलेले प्रचारक, मोठा मांडव, ऑर्गन, स्पीकर. भाऊंच्या मावसभावानं आग्रह धरला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. म्हणजे शुक्रवारचं डायलिसिस चुकणार.

पर्याय तेव्हाही होते. जायचंच नाही, हा एक. गुरुवारी आणि शनिवारी जायचं आणि शुक्रवारी मशीनवर, हा दुसरा. हा कुणी तोंडातूनसुद्धा काढला नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, आतून पसंत नव्हतं, पण "विश्वासाला आडवा आलो असं नको व्हायला" म्हणून ते गप्प राहिले. वहिनी दोन दिवस घुटमळल्या. शेवटी मला विचारायला आल्या, "गुरुजी, जाऊ का?"

मी म्हणालो, "देवाला अशक्य काय आहे?" आणि ओळखीची जीप ठरवून दिली.

हे वाक्य ऐकायला किती चांगलं लागतं. त्यात बाईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं. तिला विचारायचं होतं की डायलिसिस चुकवलं तर चालेल का, आणि ते मला ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही, डॉक्टरांना फोन लावू" हे वाक्य माझ्या तोंडी आलं नाही.

सभेत भाऊंनी तीन दिवस अन्न घेतलं नाही, आणि प्रार्थना केलेलं पाणी मात्र पोटभर प्यायले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर. शनिवारी त्यांना मंचावर नेलं. हातात माइक आला. त्यांनी साक्ष दिली की अंग हलकं वाटतंय, मी बरा झालो. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. मंगळवारी ते डायलिसिसला गेले नाहीत. बरा झालेला माणूस मशीनवर कशाला जाईल?

बुधवारी पहाटे श्वास लागला. आडवं होता येईना. फुप्फुसात पाणी झालेलं. नगरला पोचेपर्यंत ओठ काळे पडले होते. वाचले, पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून.

तोवर ती साक्षीची क्लिप तालुक्यात फिरली होती. पोराच्या वर्गातल्या मुलांनी ती त्यालाच दाखवली. त्या रविवारी तो चर्चला आला, तबल्याला खोळ घातली आणि मागच्या दारानं निघून गेला. मांडवातले कुणी फिरकले नाहीत. मावसभाऊ आला आणि म्हणाला, विश्वास कमी पडला. वहिनींनी त्या दिवशी डाव्या पानावर काहीच लिहिलेलं नाही. पुढची अकरा डावी पानं कोरी आहेत.

कमिटीपुढं आलेले पर्याय

सप्टेंबरात कमिटी बसली ती या एकाच विषयावर. कर्जाचंही तेव्हाच कळलं होतं, वसुलीवाली बाई दारात येऊन बसली म्हणून.

पहिला पर्याय नेहमीचा: रविवारी झोळी फिरवायची, जे जमेल ते पाकिटात घालून द्यायचं, आणि विषय संपला. सोपा आहे, वाईटही नाही. पण डायलिसिस एकदाचं नसतं.

दुसरा, एखाद्या मोठ्या संस्थेकडं अर्ज करून किडनी बदलण्याचा खर्च उभारायचा. वहिनी किडनी द्यायला तयार होत्या. तपासणीत त्यांनाच साखर निघाली. तो रस्ता तिथं बंद झाला, आणि त्या संध्याकाळी त्या फार वेळ शिलाई मशीनचं चाक हातानं नुसतं फिरवत बसल्या होत्या.

तिसरा पर्याय पाळकसाहेबांचा. पैसा कमी, माणसं जास्त. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मंडळीतली दोन माणसं भाऊंबरोबर जातील, म्हणजे वहिनींना आठवड्यातला एक दिवस तरी शिलाई मशीनवर बसता येईल. सुगीच्या सणाला लिलावातून जे येईल ते या कामाला. यावर जुंपली. सुगीचे पैसे चर्चच्या छपरासाठी ठेवलेले होते. एक ज्येष्ठ म्हणाले, "एका घरासाठी मंडळीचा पैसा? उद्या दुसरा आजारी पडला तर?" दुसरे म्हणाले, "तर त्यालाही." बराच वेळ कुणी बोललं नाही. मत घेतलं, दोन मतांनी पास झालं. त्या वर्षी लिलावात ज्वारीची कणसं, भोपळे, तीन गावरान कोंबड्या आणि एक बोकड मिळून साडेएकवीस हजार आले. छप्पर पुढच्या पावसाळ्यात गळलं, हेही नोंदवतो.

दशमांश थांबवा असं वहिनींना सांगायचं ठरलं. पाळकसाहेब सांगायला गेले आणि हात हलवत परत आले. वहिनी म्हणाल्या, "ते माझं आणि देवाचं आहे. त्यावर कमिटीनं ठराव करायचा नाही." पुढच्या महिन्यापासून पाकिटात दहा रुपये यायला लागले. खजिनदारांनी दहाची पावती फाडली.

काय केलं

आधी पाळकसाहेबांनी एक काम केलं जे कमिटीच्या कागदावर नाही. ते त्या घरी गेले आणि म्हणाले, "सभेला जाऊ नका असं मी सांगायला हवं होतं. भीतीपोटी बोललो नाही. माझं चुकलं." मी शेजारी बसलो होतो. मग माझं मलाही बोलावं लागलं. भाऊ हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला प्रार्थना येत नाही आता. आली तर शिव्या येतात."

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि 88 वं स्तोत्र वाचलं, काही न समजावता. दीडशे स्तोत्रांत रडगाण्याची बरीच आहेत, पण बहुतेकांत शेवटी कुठंतरी उजेड पडतो. 13 व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओळींत चारदा "कोठवर?" असा प्रश्न येतो, तरी शेवट गाण्यावर होतो. 88 वं तसं नाही. ते अंधारावर संपतं. वाचून त्यांनी पुस्तक मिटलं.

वहिनींनी विचारलं, "हे बायबलात आहे?"

"आहे."

"आणि कुणी काढलं नाही?"

"कुणी काढलं नाही."

त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं आणि स्वतः वाचलं, बोट लावून. मी एवढी वर्षं संडे स्कूल चालवली, पण ते स्तोत्र मुलांना एकदाही शिकवलं नव्हतं.

मग पाळ्या लागल्या. आम्ही भेटीचे नियम केले, ते आजही चर्चच्या पडवीत लावलेले आहेत, खडूनं लिहून. फळं आणायची नाहीत. कारण सांगायचं नाही, म्हणजे देवानं हे का केलं याचं. दुसऱ्या आजाऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. डावा हात धरून हस्तांदोलन करायचं नाही, फिस्टुलावर दाब पडतो. वीस मिनिटं. विचारलं तर एक स्तोत्र. शेवटचा नियम वहिनींनी घातला: जाताना भांडी घासून जायची.

पाळीला गेलेल्या माणसांना डायलिसिसचं कळत गेलं. ड्राय वेट म्हणजे काय (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन), दोन सुयांतली कुठली रक्त नेते आणि कुठली आणते, दिवसभरात लिटरभराच्या आत पाणी म्हणजे डाळ-चहा-गोळीबरोबरचा घोट सगळं धरून. आमचे एक कडक पंच, ज्यांनी कमिटीत विरोधी मत दिलं होतं, ते भाऊंसाठी रोज दोनशे मिलीच्या बाटलीवर रेघा मारून द्यायला लागले. ते कधी प्रार्थना करायचे नाहीत तिथं. बाटली द्यायची आणि बसून पेपर वाचायचा. भाऊंना त्यांची पाळी सगळ्यांत आवडायची.

भाऊंचं स्वतःचं वाचन मशीनवरच झालं. प्रेषित पौलाच्या शरीरातल्या काट्याचा उतारा त्यांना सापडला, करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय. पौलानं तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. भाऊ म्हणायचे, "पौलाला एक काटा, मला दोन सुया. आणि मी तीनदा नाही, तीनशेदा मागितलं." पण त्यानंतर त्यांनी ती क्लिप घेणाऱ्याचा राग सोडला. मला म्हणाले, "अंग हलकं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. पाणी प्यायला मिळालं होतं ना."

गुड फ्रायडे

2023 चा गुड फ्रायडे 7 एप्रिलला आला, आणि शुक्रवार म्हणजे डायलिसिस. आमच्याकडं बारा ते तीन, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते, त्या दिवशी गावातलं एकही घर मागं राहत नाही. पाळी कुणाची लावायची? मी आणि ते पेपरवाले पंच गेलो. एसटीत आमच्या पुढच्या सीटवर दोन बायका नवीन अर्ध्या तिकिटावर माहेरी निघालेल्या, त्यांच्या हसण्यानं भाऊ पण खुलले होते.

बाराला मशीन सुरू झालं. आम्ही पलंगाशेजारी स्टूल ओढून हळू आवाजात उद्गार वाचायला घेतले. चौथा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" भाऊ डोळे मिटून होते. पाचवा आला, "मला तहान लागली आहे." भाऊंनी डोळे उघडले.

"थांबा," म्हणाले. "हे त्यानं म्हटलंय?"

वर्षानुवर्षं ते दर गुड फ्रायडेला हे ऐकत आलेले. वीस-बावीस तरी वेळा. मी हो म्हणालो.

"त्याला पण लिटरभरच होतं का?"

पंच हसले, मग त्यांना रडू आलं आणि ते पेपर तोंडासमोर धरून बसले. शेजारच्या पलंगावर पाथर्डीकडचे एक म्हातारे होते, गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, "मास्तर, ते तहानेचं परत वाचा." मी परत वाचलं. पुढचे दोन उद्गार वाचायचे राहिले. तीन वाजले तेव्हा सिस्टरनं बर्फाचा एकेक खडा दिला, भाऊंना आणि त्या आजोबांना. दोघं तो जिभेवर धरून बराच वेळ गप्प होते.

माझ्या आयुष्यातल्या गुड फ्रायडेच्या उपासनांत ती सगळ्यांत लहान.

निष्पत्ती

भाऊ बरे झाले नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरात, मंगळवारचं डायलिसिस व्यवस्थित झालेलं असताना, बुधवारी रात्री झोपेत गेले. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. दफनाला त्या दवाखान्यातले चार पेशंट गाडी करून आले होते, माळवाले आजोबाही. पाळकसाहेबांनी येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचा उतारा घेतला, पण ते "येशू रडला" या दोन शब्दांवरच थांबले. लाजर उठणार हे ठाऊक असताना तो रडला, एवढंच म्हणाले, आणि माती टाकली.

वहिनींच्या वहीत डावी पानं परत लिहिलेली आहेत, गुड फ्रायडेनंतरपासून. आकडे नाहीत, मुदत नाही, फुलांचं आश्वासन नाही. बरीचशी पानं एका ओळीची. एक दाखवायला त्यांची हरकत नव्हती: "आज हप्ता फिटला. आज ह्यांना उलटी नाही. तू कुठं आहेस ते कळत नाही, पण भांडी घासायला दोघी आल्या होत्या." श्रद्धा वाढली का, असं कुणी विचारलं तर मी हे पान दाखवतो. वहिनी स्वतः म्हणतात, "वाढली का ते ठाऊक नाही. आधी देवाला मी कामं सांगायचे. आता नुसतं सांगते."

कर्ज सुगीच्या पैशातून आणि शिलाईतून फिटलं. कुटुंब लाभ योजनेचे 20 हजार मिळाले, संजय गांधी निराधारचे महिन्याला दीड हजार सुरू झाले. त्या कागदांसाठी तहसीलला पाच खेपा पेपरवाल्या पंचांनी घातल्या. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मुलगा परतला असं म्हणता येत नाही. नाताळात कॅरलच्या फेरीला ढोलकी घेऊन येतो, दाराबाहेर वाजवतो, आत प्रार्थना सुरू झाली की चपला शोधायला लागतो. दृढीकरण, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी, घेणार नाही म्हणाला. कमिटीत कुणीतरी "समज द्या" म्हणालं. पाळकसाहेबांनी आठवण दिली की नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, आणि त्या पाच वर्षांत त्यांना कुणी समज देऊन आणलं नाही. पोरगं अजून तीन वर्षंच लांब आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जीप. ती मी ठरवायला नको होती. आजारी माणसाला प्रार्थना सभेला नेणं चूक म्हणत नाही. शुक्रवार सोडून नेता आलं असतं, आणि तेवढं डोकं मंडळीत कुणाकडंच नव्हतं असंही नाही, आमच्यात चार नर्स आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण आरोग्याची गोष्ट दवाखान्याची आणि विश्वासाची गोष्ट पुरुष पंचांची, अशी आमची वाटणी. आता पाळ्यांचा तक्ता त्या चौघींपैकी एक करते.

दशमांशाच्या पावत्या दर महिन्याला खजिनदारांच्या हातातून जात होत्या. तीनशे रुपये देणाऱ्या घरात पुरुष सहा महिने कामावर नाही, हे त्याच खजिनदारांना माहीत होतं. पावती फाडताना एकदा डोकं वर करून विचारलं असतं तर वसुलीवाली दारात बसायच्या आत कळलं असतं. पण वहिनींनी सांगितलंच असतं याची खात्री मला नाही. त्यांना मी हे विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नसतं सांगितलं. पण विचारायला हवं होतं."

मुलाच्या बाबतीत आम्ही सगळेच हुकलो. मोठ्यांसाठी पाळ्या लावल्या, माफी मागितली, स्तोत्र वाचलं. क्लिप ज्याच्या वर्गात फिरली त्याच्याशी कुणी बोललं नाही. त्याच्या वडिलांना मंचावर नेणारे वेगळे, पण जीप त्याच्या दारात आमची उभी होती. मी मागच्या महिन्यात त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "माहितेय गुरुजी. नंबर पण लक्षात आहे." आणि मोबाइलमध्ये बघत राहिला.

मंगळवारची पाळी बंद पडली नाही. या वर्षी दुसरं एक घर आहे, मंडळीबाहेरचं, मुलीच्या मैत्रिणीचे वडील. गाडीत पुढं वहिनी बसतात, कारण दवाखान्याचं कुठलं गेट सकाळी उघडं असतं ते त्यांनाच ठाऊक. गेल्या आठवड्यात त्या घरी गेलो तर दारात पाहुणे उभे, हातात चार शहाळी. वहिनींनी ती हसून उतरवून घेतली, कोयता मागितला, आणि चारही फोडून पाहुण्यांनाच प्यायला दिली.